सीटखालची पेटी

एकनाथ : फसफसतोय, मामा. पेटीतला स्पीकर घुमायला पाहिजे, हा नुसता धापा टाकतोय. पाच वाजता साहेब व्हॅन न्यायला येतील, त्यांना काय हे ऐकवू?

पुंडलिक : तुझा स्पीकरच बाद असंल. माझ्या पेटीला नाव ठेवू नको. चाळीस वर्सं होड्या बांधल्या, एकीनं कधी पाणी घेतलं नाय.

जमना : होड्यांचं खरं हाय. पण ही मारुती व्हॅन हाय. मी आधीच बोलली होती, भाच्याला विचारत विचारत करा. पण कुणाला विचारायचं म्हंजे यांच्या जिवावर येतं.

पुंडलिक : त्याचंच तर ऐकलं. तोच बोलला, स्पीकरचं तोंड खाली कर. जमिनीकडं तोंड करून गाणारा मी तरी पयल्यांदाच बघितला.

एकनाथ : दुसरी जागाच कुठे होती, मामा? मागच्या सीटखाली सगळी मिळून नऊ इंच उंची. तोंड पुढे केलं, तर पोरांच्या टाचांनी स्पीकरचा कागद फाटणार. मागे पत्रा आडवा. वर केलं, तर गादी आवाज खाऊन टाकते. राहिली खालची बाजू. पेटीला दोन इंचांचे पाय दिले की आवाज त्या फटीतून चारी अंगांनी बाहेर येतो. गाड्यांना टेप बसवणाऱ्या बोईसरच्या दोन दुकानदारांनी साहेबांना सांगितलं होतं, सीट काढा, नाहीतर घुमणारा बेस विसरा. मीच छाती काढून बोललो, सीट जागेवर राहील, माझा मामा पेटी करून देईल.

जमना : मग आता दोघांचीपण शोभा होणार. होऊ दे. सोमवारपासून यांना कंपनीच्या गेटवरच बसायचं हाय. आपल्या शांताराम जावयानं वॉचमनची जागा पक्की केलीय.

पुंडलिक : मी अजून हो बोललो नाय.

जमना : नाय तरी कुठं बोललात? फायबरच्या होड्या आल्या, तशी दोन वर्सं तुमच्या पटाशीला धार नाय. सकाळी उठायचं आणि ओट्यावर बसून रस्ता बघायचा. मला नाय बघवत ते. म्हणून मीच शांतारामला बोलली, बघ बाबा कुठं तरी.

पुंडलिक : तू बोललीस?

एकनाथ : मामी, ते नंतर. मामा, सांधे कशाने भरलेत?

पुंडलिक : कापूस आणि राळ. होडीला भरतो तसेच. केस जायचा नाय.

एकनाथ : मग हवा सुटते कुठून? पेटीत हवा कोंडली पाहिजे, तरच बेस येतो.

जमना : थांबा, देवाजवळची उदबत्ती आणते. चालू कर रे तुझी टेप. या सांध्याला काय नाय. इकडंपण धूर सरळ चाललाय. हे बघ, इथं. मागच्या अंगाला, पार तळाशी. धूर उडतोय.

एकनाथ : अहो, इथे तर गोल भोक आहे. करंगळी जाईल एवढं. कुणी पाडलं हे?

पुंडलिक : मी.

एकनाथ : तुम्ही? कशाला?

पुंडलिक : पाणी काढायला. होडीच्या तळाला भोक ठेवावंच लागतं. होडी वर ओढली की बूच काढायचं, आतलं पाणी वाहून जातं. तू बोललास चारी बाजूंनी बंद कर. केली बंद. पण हात ऐकंना.

जमना : अहो, पण सीटखाली पाणी येणार होतं कुठनं?

पुंडलिक : हसून घ्या दोघं. हसून झालं की तो लाकडाचा तुकडा दे इकडं, आणि कापूस. बूच ठोकायला मला किती वेळ लागतो ते बघ.

एकनाथ : झालं? लावू?

पुंडलिक : लाव.

जमना : अगं बाई, माझ्या पायांतून वर येतंय हे.

एकनाथ : फसफस गेली. मामा, ऐकताय ना? याला म्हणतात बेस.

पुंडलिक : ऐकतोय. भरतीचं पाणी होडीच्या तळाला धडकतं, तसं हाय. जरा वाढव.

(तासाभराने. साहेब व्हॅन घेऊन गेले आहेत.)

जमना : सीटवर बसले आणि मलाच विचारतात, पेटी कुठाय? मी बोलली, तुमी तिच्यावरच बसलाय. मग वाकून बघितलं, बॅटरी मारली. बायकोला हाक मारून बोलले, ये बघ, सीटपण हाय आणि बेसपण. ती बिचारी खात्री करायला तीनदा उतरली आणि तीनदा चढली.

एकनाथ : मला निघताना बोलले, तारापूरच्या कॉलनीत अजून तिघांच्या व्हॅन आहेत, तिघांना पाठवतो. सीट काढायला सांगणारे दोघे बसू देत आता हात चोळत. मामा, माझ्या दुकानात यापुढे मुंबईची तयार पेटी येणार नाही. सगळ्या तुमच्या हातच्या.

पुंडलिक : जमना, शांतारामला निरोप धाड. सोमवारी मी येत नाय. काम हाय बोल.

जमना : काय बोलू?

पुंडलिक : काम हाय.

जमना : दोन वर्सांनी ऐकलं तुमच्या तोंडून. अजून एकदा बोला.

पुंडलिक : काम हाय, बाई. किती वेळा सांगू?

एकनाथ : मग मामा, पुढच्या व्हॅनचं माप मी उद्या चिठ्ठीवर लिहून पाठवतो.

पुंडलिक : चिठ्ठी नको. गाडी घेऊन ये. माप मी घेणार.