खिडकीवरच्या खेपा

(तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, सन १९६४. हेडक्लार्क उकंडराव खुर्चीत, ज्युनिअर क्लार्क इंद्रभान टेबलापुढे उभा. विद्यार्थ्यांची खिडकी अर्धी उघडी.)

उकंडराव : पुन्हा आला? सांगतलं ना तुले, उद्या येजो.

इंद्रभान : ही सहावी खेप आहे, बडेबाबू. माझ्या अर्जाचं काय झालं एवढंच सांगा.

उकंडराव : पाच वर्षं झाले नाई टेबलावर बसून, अन् नागपूरच्या विद्यापीठात विद्यार्थी विभागाचा अधीक्षक व्हायचं म्हणे याले! हाताखाली बारा क्लार्क पाह्यजे! बे, पोरायचे फॉर्म घेणं म्हंजे काय राज्य चालवणं हाय?

इंद्रभान : तुम्ही तं एकवीस वर्षं चालवून राह्यले.

उकंडराव : जीभ लई चालते तुही.

तानुबाई : (खिडकीतून) बाबू, माह्या बेबीचा दाखला झाला का वो?

उकंडराव : उद्या.

तानुबाई : कालबी उद्याच म्हनलं होतं. डोनगावहून तिसऱ्यानं आली मी. मजुरीचा रोज बुडाला माहा.

उकंडराव : मंग अजून एक बुडव. सायबाची सही नाई झाली.

इंद्रभान : झाली आहे. थांबा, तानुबाई. हा घ्या. वसतिगृहाच्या फॉर्मले हाच जोडायचा, बेबीले सांगा.

तानुबाई : अवो, हा तं झालाच होता! मंग बाबू काऊन नाई म्हनत होते?

इंद्रभान : त्यांचा हात पोचत नव्हता. टेबलावरच होता.

तानुबाई : लई उपकार झाले, दादा. येते मी.

उकंडराव : बाईसमोर माही इज्जत काढतं? तुले सायेब व्हायचं हाय ना, मंग ऐक. पयल्या खेपेत काम केलं का मानूस तुले ओळखत नाई. चार खेपा मारल्या का वाकून नमस्कार घालते. याले म्हंते कारभार.

इंद्रभान : मी वाकलो आहे त्या खिडकीत. स्कॉलरशिपचा फॉर्म होता. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं होतं. तुम्ही म्हणाले, जुनी जात लिहून आण. चार खेपा झाल्या अन् मुदत सरली. ते वर्ष मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या.

उकंडराव : नियम होता तसा.

इंद्रभान : नव्हता. नंतर वाचला मी.

उकंडराव : बरं झालं वाचला. आता हे वाच. तुहा अर्ज, पेपरवेटखाली. मुदत सरून महिना झाला. जाय आता, हो अधीक्षक!

इंद्रभान : राहू द्या तो तिथंच. दुसरा अर्ज गेला नागपूरले.

उकंडराव : कसा जाईन? माह्या सहीबिगर प्राचार्य कागदाले हात नाई लावत.

इंद्रभान : तुमची सही आहे त्याच्यावर. परीक्षेच्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला होता तुमच्यापुढं. सगळ्यात वर माझा अर्ज होता. ‘शिफारस करण्यात येते’ हा शिक्का तुम्हीच मारला.

उकंडराव : फसवलं तू मले!

इंद्रभान : फसवायचं असतं तं मधात घातला असता. अन् मुलाखतीले जायची रजाही तुम्हीच मंजूर केली. कारण लिहिलं होतं, ‘मुलाखत’.

उकंडराव : मंग रोज कायले येऊन राह्यला होता इचारायले?

इंद्रभान : पोरांले चार खेपा देता तुम्ही. सोबत काम करणाऱ्याले किती देता, ते पाह्यचं होतं. किळस आली, बडेबाबू.

उकंडराव : ...निवड झाली?

इंद्रभान : झाली. सोमवारी हजर व्हायचं आहे.

उकंडराव : विद्यार्थी विभाग म्हंजे... हरपलेल्या गुणपत्रिकेची नक्कल तठूनच भेटते ना?

इंद्रभान : हो.

उकंडराव : माह्या पोरीची, सिंधूची हरपली. शाळेत मास्तरीण म्हणून लागून राह्यली, पण त्या कागदाबिगर घेत नाई. मुदतीले पंधरा दिवस राह्यले. तू... तुम्ही पाहसान का जरा?

इंद्रभान : अर्ज लिहा. कागद समोरच आहे.

उकंडराव : किती खेपा माराव्या लागतीन तिले?

इंद्रभान : एक. अन् मी वाचून सही करतो.