रायफल क्रमांक सात झाडल्याबाबत

दिनांक १ ऑक्टोबर २०२५, बुधवार. दुपारी १ वाजून १५ मिनिटे.
ठिकाण: शहर पोलीस ठाणे, अल्फारेटा, जॉर्जिया.

नाव: रेखा नरेंद्र सप्रे. वय: ७२ वर्षे. व्यवसाय: निवृत्त, पूर्वी शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस. राहणार: घर क्रमांक ४१०, विलोब्रूक कोर्ट. मूळ गाव नागपूर. इंग्रजी येते, परंतु आजचे बोलणे मराठीतच बोलणार असे सांगितल्यावरून दुभाषी प्रीता खानोलकर यांनी शब्दशः उतरवून घेतले.

मी रेखा सप्रे स्वतः हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असा जबाब देते की, आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी घराच्या मागच्या अंगणात मी माझ्या मयत पतीच्या रायफलीतून एक गोळी झाडली. गोळी टोमॅटोच्या वाफ्यामागच्या मातीच्या ढिगाऱ्यात गेली. ढिगारा बारा पावलांवर आहे, मी आधी मोजून घेतले होते. इजा कोणाला झाली नाही. एक खार पळाली. शहराच्या हद्दीत बंदूक उडवायला मनाई आहे हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे सांग, असा सल्ला मुलगा नील याने फोनवर दिला. तो मी घेत नाही.

पोलिसांना फोन शेजारच्या आश्लेषाने केला. ती पुण्याची, घरूनच कंप्युटरचे काम करते. पोलीस आले तेव्हा ती रडत कुंपणाशी आली आणि म्हणाली, "काकू, आय अ‍ॅम सो सॉरी! मला वाटलं, कुणीतरी घुसलंय तुमच्याकडे. तुम्ही असाल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नाही." मी म्हटले, "अगं, मलाही वाटलं नव्हतं." तिने केले ते योग्यच केले, माझा तिच्यावर राग नाही.

रायफलीबद्दल विचारल्यावरून सांगते. माझे पती पुलांचे इंजिनिअर होते. त्यांना मी नावाने कधी हाक मारली नाही, म्हणून इथेही 'हे' असेच म्हणणार, प्रीताने समजून घ्यावे. १९८९ साली ह्यांच्या कंपनीला पन्नास वर्षे झाली, त्याच वर्षी नदीवरचा मोठा पूल पुरा झाला. त्या पुलावर राबलेल्या चोवीस जणांना कंपनीने एकेक रायफल दिली. जुन्या काउबॉयच्या पिक्चरमध्ये असते तशी, खालचा दांडा ओढून भरायची. ह्यांची सातव्या क्रमांकाची. पोलादी बाजूवर पुलाचे चित्र कोरलेले आणि त्याखाली ह्यांचे नाव. चोवीस जणांत देशी माणूस हे एकटेच. सोबत मखमलीची पेटी आणि वीस काडतुसे. साहेबाने देताना सांगितले होते की, न उडवलेली राहिली तर हिला मोल आहे, एकदा बार काढला की चारचौघींसारखी. साहेब नंतर दोन वर्षांत कंपनी सोडून गेला, पण त्याचे हे वाक्य आमच्या घरी कायमचे राहायला आले.

हे मुळात जपणारेच. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत असतो. चांगला डिनर सेट चांगल्या दिवसासाठी ठेवलेला आहे, तो दिवस अजून उजाडलेला नाही. दर वर्षी पानगळ सुरू झाली की ह्यांचा एक जुना सहकारी म्हणायचा, चल रेंजवर, एकदा तरी उडव. हे म्हणायचे, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." दर सहा महिन्यांनी तेलाने पुसायचे, खांद्याला लावायचे, एक डोळा मिटायचे आणि परत ठेवायचे. तोंडाने हळूच "ठो" म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. ह्यांना वाटायचे मला ऐकू येत नाही.

अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून खुलासा करते की, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्यात शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात. आमच्या पाटावर विळी, पाना, ह्यांची मोजपट्टी आणि १९८९ पासून ही रायफल. पण हे पांढरे हातमोजे घालून पेटी आणणार, झाकण बंदच ठेवणार आणि मला बजावणार, "फूल झाकणावर. कुंकू अजिबात नाही." साक्षात देवीला कुंकू चालते, ह्या बयेला चालत नाही, असे मी दर वर्षी म्हणत असे. हे हसत, पण झाकण उघडत नसत.

ऑगस्ट २०२२ मध्ये ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. त्या वर्षी खंडेनवमीला हे आतल्या खोलीत झोपले होते. मी पेटी आणली आणि उघडली. इतकी वर्षे झाकणाची पूजा केली, म्हणून तर देव पावला नाही, असे मनात आले. एकदा नीट पूजा करावी, ह्यांचा हात हलू दे म्हणावे. मी ओल्या बोटाने हळदकुंकू लावले. कुठे लावले असे विचारल्यावरून सांगते की, नावावर. वर ओली शेवंती ठेवली, नमस्कार केला आणि पेटी बंद करून कपाटात ठेवली. तेलाने पुसायचे असते हे माझ्या ध्यानातही आले नाही. २०२३ ला तसेच केले. २०२४ लाही. हात हलला नाही. ह्यांना मी हे कधीच सांगितले नाही.

यंदा १२ जानेवारीला, रविवारी, मी ह्यांना दुपारचे सूप भरवत होते. ह्यांचे बोलणे अडखळत असे, पण तेव्हा एक वाक्य अगदी स्वच्छ आले. "रेखा, एकदा उडवू या का?"

मी म्हटले, "तुमचा हात कुठे चालतोय?"

"तू उडव. मी इथून ऐकतो."

मी म्हटले, "काहीतरीच काय! एवढी वर्षं जपलीत, आता नीलला कोरी करकरीत द्यायची ना?" हे "हं" म्हणाले. सूप सगळे प्यायले. विषय पुन्हा काढला नाही. ११ फेब्रुवारीला गेले.

नील शार्लटला असतो. त्याच्या घरी लहान मुली, म्हणून त्याला बंदूक नको. त्याने एक संग्राहक शोधला. तो गेल्या शनिवारी, २७ सप्टेंबरला, घरी आला. नीलही आला होता. त्या गृहस्थांनी पेटी उघडली आणि भिंग लावले. नावावर तीन तपकिरी खड्डे पडले होते, बोटाच्या टोकाएवढे. त्यांनी विचारले, कोणी ह्यावर काही ओले ठेवले होते का? नीलने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हटले. ते म्हणाले, आता उडवा की ठेवा, सारखेच. हा गंज तीनेक वर्षांचा आहे.

नील रागावला नाही. "इट्स ओके, आई. तू प्रेमानेच केलंस," म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते.

म्हणजे मी ज्या कोऱ्या रायफलीसाठी ह्यांना नाही म्हटले, ती तेव्हा कोरी नव्हतीच. घालवली मीच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे नेणार? चार दिवस मी हेच घोकते आहे. माणूस एक मागत होता. एक बार. तोही मीच काढायचा होता, त्याला फक्त ऐकायचे होते.

आज खंडेनवमी. सकाळी आंघोळ करून पूजा केली. ह्यांच्या खोलीची खिडकी उघडली, जाळीही वर केली. रायफल कशी भरायची हे मला कोणी शिकवले नाही, पण छत्तीस वर्षे कानावर पडत होते. खांद्याला फार लागले. काळेनिळे झाले आहे, पण अ‍ॅम्ब्युलन्स मी नाकारली. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा झाला. हे वरातीमागून घोडे आहे हे मला कळते. खिडकीकडे पाहिले आणि रायफल अंगणातल्या टेबलावर ठेवली. पोलीस आले तेव्हा मी हात वर केले.

दुसऱ्यांदा का झाडली नाही असे विचारण्यात आले. ह्यांनी एकदाच म्हटले होते. उरलेली एकोणीस काडतुसे मी मोजून दिली आहेत. रायफल परत नको. दंड होईल तो भरीन. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी माझ्या पर्समध्ये होती, तीही पुरावा म्हणून जमा केली आहे. काम झाल्यावर तेवढी परत मिळावी. ती मी पिशवीत ठेवणार नाही.

हा मजकूर प्रीताने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. फक्त सोबत जोडलेल्या सारांशात एके ठिकाणी तिने "पतीची रायफल जतन करण्याची इच्छा होती" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि त्या जागी "पतीची रायफल उडवण्याची इच्छा होती, जतन पत्नीने केली" असे लिहायला लावले. खोडलेल्या जागी माझी सही आहे, आणि ही खाली दुसरी.

रेखा नरेंद्र सप्रे