उल्हासकाकांनी कीव्हला जिंकून दिलेले सामने

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉ. मृणालिनीताई हर्डीकर, व्यासपीठावर अंग चोरून बसलेले आजचे सत्कारमूर्ती श्री. उल्हास खांबेटे, त्यांच्या शेजारी मुळीच अंग न चोरता बसलेल्या सौ. सुलेखाकाकू, आपल्या मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि ह्यूस्टनच्या चार दिशांनी तासतासभर गाडी चालवून इथे शुगर लँडला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. चारुदत्त, म्हणजे माझे यजमान, घरून निघताना म्हणाले, "उत्तरा, काकांचं कौतुक कर, शाल-नारळ होऊ दे आणि खाली ये. रशियाचं काही काढू नकोस." मी हो म्हटलं. पण काकांबद्दल बोलायचं आणि रशिया वगळायचा, हे मला जमेल असं वाटत नाही.

काकांनी या गावात काय काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. कुणाला विमानतळावरून आणलं, कुणाला ड्रायव्हिंग शिकवलं, कुणाच्या घरचा एसी ऑगस्टच्या उकाड्यात दुरुस्त करून दिला. या शहाऐंशी सालात तेलाचे भाव कोसळले आणि काकांच्या कंपनीने त्यांना वेळेआधी घरी बसवलं, तेव्हाही ते लोकांचे एसीच दुरुस्त करत होते. येत्या मंगळवारी ते आणि काकू सांगलीला कायमचे परत जाणार. मी बोलणार आहे ती त्यांच्या गॅरेजबद्दल. त्या गॅरेजमध्ये एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. त्याची तार खिडकीतून निघून मागच्या पेकनच्या झाडापर्यंत गेलेली आहे. काकांनी ती आकाशवाणी ऐकायला बांधली. आकाशवाणी कधी लागायची, कधी नुसती खरखर. मॉस्कोचं इंग्रजी केंद्र मात्र संध्याकाळी स्वच्छ लागायचं.

माझा धाकटा भाऊ श्रीरंग रशियात, कीव्हला इंजिनिअरिंग शिकतो. आम्हा भावंडांत सगळ्यात शेवटचा. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की तो मला ताई म्हणतो एवढंच, बाकी मी त्याची कोण आहे हे मी वेगळं सांगायला नको. त्याला तिथे जाऊन दोन वेडं लागली. एक बीटचं सूप आणि दुसरं फुटबॉल. कीव्हच्या डायनामो संघाचा घरचा सामना तो चुकवत नाही. ताप असला तरी जातो.

एप्रिलच्या शेवटी तिथल्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला, ते तुम्हा सगळ्यांना आठवतं. आपल्याकडच्या बातम्यांत नकाशा आला, त्यावर एक लाल ठिपका आणि त्याच्या अगदी जवळ कीव्ह. कुणी म्हणे दोन हजार माणसं मेली. मॉस्को म्हणे फारसं काही झालेलं नाही. कोणाचं खरं मानायचं? मी फोनवर ऑपरेटरला कीव्ह मागितलं. ती बाई गोड आवाजात म्हणाली, "हनी, मॉस्कोच्या पुढे लाइनच नाही." पुन्हा मागितलं. पुन्हा हनी. आमचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अडकलेले. चारुदत्त हळूच म्हणाले, "सारखा रशियाला फोन लावू नकोस गं." मी त्यांना दोष देत नाही. तेही घाबरलेलेच होते. नागपूरला बाबा, इथे आम्ही. जो तो आपापल्या फोनकडे बघत बसलेला.

तेव्हा काका म्हणाले, "उत्तरा, एक सांगू? हे रशियन लोक बाकी सगळं लपवतील. फुटबॉलचा निकाल लपवणार नाहीत. कीव्हमध्ये सामना झाला, म्हणजे शहर जागेवर आहे, माणसं घराबाहेर पडतायत. आपण निकाल ऐकू."

आणि पहिलाच निकाल त्यांनी सांगितला तो सत्तावीस एप्रिलचा. स्फोटाच्या दुसऱ्या दिवसाचा. कीव्हमध्येच मॉस्कोच्या स्पार्टाकशी सामना झाला होता आणि कीव्ह जिंकलं होतं. मी आनंदाने रडले. घरी गाडी चालवत निघाले, आणि वाटेत एका सिग्नलला माझ्या लक्षात आलं, की सामना झाला म्हणजे श्रीरंग गेला असणार. दुपारभर उघड्यावर. वर आकाश, आकाशात ते जे काही होतं ते, आणि खाली तो तोंड उघडून ओरडतोय. सिग्नल हिरवा झाला, मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली. माझा पाय उचलेना.

तिथून पुढे आमचं एक वळण पडलं. मी कामावरून सुटले की काकांकडे डोकवायची. ते गॅरेजच्या दारात उभे राहून निकाल सांगायचे. आत कधी बोलवायचे नाहीत. म्हणायचे, "आत फार उकडतं." मे महिन्यात कीव्ह छान खेळत होतं. एकदा दोन-शून्य. एकदा तीन-एक. एकदा बरोबरी झाली, तेव्हा म्हणाले, "पाऊस होता म्हणे, मैदान चिखलाचं." तो चिखलसुद्धा मला किती आवडला होता! चिखलात खेळतायत, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. मी घरी जाऊन वरणभात खायची. त्या दिवशी झोप लागायची.

आता सुलेखाकाकूंकडे वळते. काकूंना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही, पण त्या रोज स्पॅनिश चॅनेलवर एक मालिका बघतात. म्हणतात, "भाषा कशाला कळायला हवी? सासू कोण आणि सून कोण ते डोळ्यांवरून कळतं." मालिकेतल्या नायिकेचं नाव रोझा. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी काकूंचं लोणचं न्यायला गेले होते. काकू कणीक मळता मळता टीव्हीसमोर बसलेल्या. काका पेपर वाचत होते. आणि काकू ओरडल्या, "अहो, हे बघा! आज माझ्या रोझाचं लग्न होतं, ते कॅन्सल केलं आणि हे कोण चड्डीवाले धावतायत?"

मेक्सिकोत फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला होता. रशियाचा सामना हंगेरीशी होता. रशिया गोलावर गोल करत होता. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण तो स्पॅनिश निवेदक प्रत्येक खेळाडूचं नाव घेतल्यावर एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि तो शब्द ओळखायला मला स्पॅनिशची गरज नव्हती. किएव्ह. किएव्ह. दिनामो दे किएव्ह.

मी म्हटलं, "काका, हे कीव्हचे आहेत?"

काका पेपरमधूनच म्हणाले, "असतील एखाद-दोन."

पुन्हा किएव्ह. पुन्हा. जवळजवळ सगळा संघच किएव्ह.

"काका, हे सगळे इथे मेक्सिकोत आहेत. मग परवा कीव्हमध्ये तीन-एकने कोण जिंकलं?"

काकांनी पेपर खाली ठेवला. उठून टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाले, "कोणी नाही जिंकलं. सामनाच झाला नाही, उत्तरा. मेच्या मध्यापासून कीव्हचं नावच येत नव्हतं. बाकी सगळ्या गावांचे निकाल सांगतात आणि थांबतात. मला वाटलं, शहर रिकामं केलं. मला वाटलं..."

म्हणजे एवढे दिवस हा माणूस त्या गॅरेजमध्ये एकटा बसून, कीव्हचं नाव येईल म्हणून कान लावून ऐकत होता. ते यायचं नाही. मग बाहेर येऊन, चेहरा नीट करून, मला सांगायचा, दोन-शून्य.

काकूंचे हात कणकेने भरलेले. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "म्हणजे ती मुलं खेळायला परगावी गेली म्हणून घरचे सामने थांबले, आणि तुम्ही इथे मनातल्या मनात सुतक धरून बसलात? इंजिनिअर म्हणे! आणि काय हो, साडी मला शोभत नाही हे भर लग्नात तोंडावर सांगणारा माणूस, या पोरीशी खोटं बोलायला कधी शिकलात?"

काका म्हणाले, "बरोबरीसुद्धा केली मी एकदा. सारखं जिंकवलं असतं तर तिला संशय आला असता."

आम्ही तिघं हसलो. तुम्ही आत्ता हसलात तसेच. पण त्या हसण्यात मी पुरती घाबरले होते, हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. कारण चिखल खोटा होता. ज्या विजयांच्या आधारावर मी झोपले, ते पेकनच्या झाडाखाली तयार झालेले होते. खेळाडू सुखरूप होते, डोळ्यांनी दिसत होते, धावत होते. पण ते मेक्सिकोत होते. श्रीरंग मेक्सिकोत नव्हता.

त्या दिवशी मी काकांकडून वचन घेतलं, की यापुढे खरं सांगायचं. नाव आलं नाही तर नाही आलं म्हणायचं. काकांनी मला आत नेलं, खोक्यावर बसवलं, आणि तेव्हापासून आम्ही दोघं शेजारी बसून घाबरलो. एकटीने घाबरणं आणि कुणाच्या शेजारी बसून घाबरणं, यांत फार फरक असतो. भीती तेवढीच राहते. पण मधूनमधून कुणीतरी विचारतं, "चहा टाकू का?"

जून संपता संपता बाबांना नागपूरला श्रीरंगची तार आली. ठीक आहे म्हणाला. पुढे एकदा तो मॉस्कोला आला होता, तिथून त्याचा फोन लागला. मी विचारलं, "घशात काही गाठबिठ नाही ना रे?" तर म्हणतो, "ताई, कीव्हला रस्ते रोज धुतात, खिडक्या बंद ठेवायला सांगतात, बाकी मजेत. तू मला मॅचचं विचार ना!" मी म्हटलं, "परत ये." म्हणाला, "एक वर्ष राहिलंय, डिग्री सोडून येऊ?" आणि लाइन गेली.

मृणालिनीताई, त्या हवेचं त्याला पुढे काही होईल का, हे विचारायला तेव्हा मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही डॉक्टर आहात, खोटं बोलला नाहीत. म्हणालात, आज काही दिसत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण याचं उत्तर आज मिळत नसतं, वर्षांनी मिळतं. मी तुमची आभारी आहे. तुमच्या दवाखान्यातून मी सरळ काकांच्या गॅरेजमध्ये गेले होते.

मग शरद ऋतू आला, आणि उन्हाळ्यात राहिलेले कीव्हचे सामने एकामागून एक होऊ लागले. काका आता खरं सांगत होते. हरले तर हरले. गंमत बघा, खऱ्या पराभवाने मला जितकं बरं वाटायचं, तितकं त्या खोट्या विजयांनीसुद्धा वाटलं नव्हतं. हरायला शहर लागतं, मैदान लागतं, चिडणारी माणसं लागतात.

गेल्या रविवारी शेवटचा सामना झाला. कीव्हमध्येच, मॉस्कोच्या डायनामोशी. जो जिंकेल तो विजेता. संध्याकाळी काकांच्या गॅरेजमध्ये सामान बांधलेले खोके आणि मधोमध तो रेडिओ. बातमी आली तेव्हा काकांनी ऐकली, आणि मला सांगितली नाही. रेडिओचा इयरफोन आपल्या कानातून काढून माझ्या कानात घातला. म्हणाले, "पुढचं तू ऐक. माझ्यावर विसंबू नकोस." खरखरीतून एक इंग्रजी बोलणारा आवाज म्हणत होता, दोन-एक, कीव्ह. त्याच्या मागे गर्दीचा आवाज होता, की नुसती खरखर होती, मला ठरवता आलं नाही. मी ती गर्दीच मानली. त्यातला एक आवाज माझ्या श्रीरंगचा आहे असंही मानलं.

तो रेडिओ काकांनी आज मला दिला आहे. माझ्या गाडीत आहे. आणि मित्रहो, खरं सांगते, तो घरी न्यायची मला भीती वाटते आहे. रशियात आता बर्फ. वसंतापर्यंत सामने नाहीत, म्हणजे निकाल नाहीत, म्हणजे एवढे महिने मला कीव्हबद्दल काही कळणार नाही. मग सामने सुरू होतील, आणि मी माझ्या गॅरेजमध्ये एकटी कान लावून बसेन. मला अजून ते चाक फिरवून नीट केंद्र लावता येत नाही. काका, सोमवारी थोडा वेळ येऊन शिकवाल का?

आणि एक विचारायचं राहिलं. मार्चमध्ये समजा सगळ्या गावांची नावं आली आणि कीव्हचं आलं नाही. मी तुम्हाला सांगलीला ट्रंक कॉल करेन. लागायला वेळ लागेल, पण लागेल. तेव्हा तुम्ही मला काय सांगायचं? मी तुमच्याकडून खरं बोलायचं वचन घेतलेलं आहे. आज सगळ्यांसमक्ष त्या वचनातून तुम्हाला मोकळं करते. त्या दिवशी मला खरं पेलवेल की नाही, हे माझ्या आवाजावरून तुम्हालाच कळेल. नाही वाटलं, तर दोन-शून्य म्हणा. मी विश्वास ठेवेन.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलं, बाहेर बटाटेवडे गार होत असतानाही कुणी उठलं नाही, याबद्दल मनापासून आभार. चारुदत्त, रशिया काढलाच, रागावू नका. माझ्या बोलण्यात कुठे तोल गेला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. काकू, रोझाच्या लग्नात मध्येच आलेल्या त्या चड्डीवाल्यांनाही माफ करा.

आणि काका, कीव्हने न खेळलेले ते सामने तुम्ही जिंकून दिलेत. त्यांच्याबद्दल तुमचे आभार कुणी मानलेले नाहीत. ते मी मानते.

नमस्कार.