चिखलाची खाज

माहं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं. बाप जंगलात बांबू तोडाले जाये, माय दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करे, धानाचे पऱ्हे चिखलात लावे, आन् मी दहा वर्साची होती तवापासून तिच्या मागं. लग्न होऊन सिहोऱ्याले आली तं सासूनं पहिल्याच दिवशी माहे हात पाहयले, म्हणे पोट्टी कामाची आहे. बुढी वाईट नव्हती, हे आताच सांगून ठेवते, नाहीतं पुढचं आयकून तुम्ही तिले शिव्या द्याल.

माहा घरवाला गुरांच्या बाजारात बैलजोड्या घेये-विके, चार चार दिवस बाहेर राहे. आणीबाणीच्या आगंमागची गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या शेवटी एका बाजाराहून आला आन् पंधरा दिवसांत मले खाली खाज सुटली. लिहा बाई, तुम्ही कायले थांबल्या, मी नाही लाजून राहिली. लघवीले गेली का आग, पांढरं जाये, वास ये, बसवत नाही आन् उभी राहिली तं कपडा लागे. तवाच रोवणा लागला. लुगडं वर खोचून दिवसभर चिखलात वाकून, तं साऱ्या बाया म्हणत चिखलाची खाज आहे, सगळ्याइले येते, मोहाच्या टोरीचं, बियाचं तेल लाव. मीबी तसंच समजली. सासू सोता तेल कोमट करून दे.

मंग धान कापलं, मळणी झाली, बांध्या सुकून भेगाळल्या, चिखल औषधाले नाही, आन् माही खाज तशीच. तवा बुढीचं डोकं फिरलं. म्हणे आता कोणता चिखल लागून राहिला तुले? माही थाळी-गिलास वेगळे करून नहाणीच्या कोनाड्यात ठेवले आन् आंबागडले सांगावा धाडला का पोरगी घेऊन जा, हिचं वागणं ठीक नाही. मी चुलीपाशी बसून आयकून राहिली, आन् घरवाला आंगणात बैलाच्या शिंगाले तेल चोळून राहिला होता, हूं नाही का चूं नाही. बैलाले खाज सुटली तं हाच माणूस तीन कोस चालवत त्याले जनावराच्या डॉक्टराकडे नेये, काय सांगू तुम्हाले.

बाप येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गावातल्या नर्सबाईकडे गेली. तिनं तपासलं, इचारलं, मालकाले काही तरास आहे का? मी म्हटलं नाही. ती म्हणे हे चिखलानं होत नाही, माणसाकडून येते, आन् मले संगं घेऊन तुमसरले एका डॉक्टराकडे गेली. तेथी कंपाउंडर नाव लिहिता लिहिता थांबला. म्हणे बाई, तुम्ही आता येऊन राहिल्या? तुमच्या मालकानं तं पोळ्याच्या आधीच सुई घेतली, बायकोलेबी आणा म्हणून डॉक्टरानं दोनदा बजावलं होतं. मले तवा उमजलं का कंबर दुखते म्हणून हा पोळ्यापासून खाट वेगळी काहून टाके. सोताचं बरं करून बसला होता, आन् मी तेल लावून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी बाप ओसरीवर बसला, टोपी मांडीवर, मान खाली. मी गोळ्याची पुडी त्याच्या पुढं ठेवली. म्हटलं बाबा, मी येते, पण पहिले तुह्या जवायाले इचार, पोळ्याच्या आधी तुमसरले सुई कायची घेतली. घरवाला पांढरा पडला. म्हणे, मले लाज वाटली. मी म्हटलं लाज तुले आन् खाज मले, तुही माय मले बदचलन म्हणून घराबाहेर काढून राहिली तरी तुह्या तोंडातून शब्द निघाला नाही? मी कोणापुढं रडली नाही. बुढी उठली. कोनाड्यातली माही थाळी आणली, राखेनं घासली, आपल्या थाळीवर ठेवली. मंग लेकाची थाळी उचलली आन् नहाणीच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

बाप एकटाच गेला. सुया, गोळ्या झाल्या, मी बरी झाली. नर्सबाईनं निरोध दिले ते घरवाल्यापुढं ठेवले, म्हटलं हे नाही तं खाट तिकडेच राहू दे. हसला नाही तो.

आता तेरा वर्सं झाले. एक पोरगा आहे, बुढी मागच्या साली गेली, घरवाला अजून बाजार करते, माहं ऐकते. पण माफ म्हणाल तं नाही केलं, खोटं कायले सांगू. रोवण्याले नवीन सुना आल्या का मी पहिल्याच दिवशी सगळ्याइच्या देखत सांगते, बुढे हसले तं हसू देते. सांगते, पोरीहो, सुखी राहा, चिखलाले भिऊ नका, चिखलाची खाज पायाले येते आन् आठ दिवसांत जाते. त्याच्या वर आली तं तेल लावू नका, नवऱ्याचा हात धरा आन् त्याले घेऊनच दवाखान्यात जा.