पुडी चिठ्ठीत न्हाई

लातूरच्या कुरिअर ऑफिसात सुदाम रांगेत उभा होता. त्याच्या डब्यात मस्कतच्या मेव्हण्यासाठी बीपीच्या गोळ्या होत्या आणि गोळ्यांखाली कालवणात घालायच्या येसराची पुडी दडवलेली होती. पुढं एक मावशी काउंटरवरच्या मल्लेशशी हुज्जत घालत होत्या.

"मावशी, गोळ्या जातील. ही पांढरी पुडी जाणार न्हाई."

"पुडी काय म्हणता? विभूती हाय ती. मठातली."

"कळतंय हो. मीबी लावूनच आलोय. पण जर्मनीत कस्टमवाल्याला पांढरी पावडर दिसली, की तुमच्या पोरीच्या दारात पोलीस उभा राहील."

"राहू द्या. त्यालाबी लावंल ती बोटभर."

"चेष्टा न्हाई मावशी. डॉक्टरच्या चिठ्ठीत असंल तेवढंच जातंय."

"निस्त्या गोळ्यांनी शिवानीची अर्धशिशी थांबत न्हाई. कपाळाला विभूती लागली, मगच गोळी लागू पडती."

"हे कस्टमवाल्याला कोण सांगावं?"

"डॉक्टरनं. चिठ्ठी पुरती वाचा की. खाली बघा, खाली."

मल्लेशनं चिठ्ठी उजेडात धरली.

"'विभूती. रोज सकाळी आंघोळीनंतर कपाळाला. पोटात घेऊ नये.' हे डॉक्टरनं लिव्हलंय?"

"सही-शिक्का हाय की. लिहीपर्यंत मी उठलेच न्हाई तिथून."

मल्लेशनं पुडी गोळ्यांशेजारी ठेवली आणि डबा चिकटवला.

"चला, पुढचे या!"

पुढचा सुदाम केव्हाच रांग सोडून मावशींच्या मागं दारापर्यंत पोचला होता.

"मावशी, त्या डॉक्टरचा दवाखाना कुठं हाय हो?"

"का? तुमचंबी डोकं दुखतंय?"

"न्हाई. येसर लिहून देतेत का, इचारायचंय."