एका वायरीवर दोन दाते

मंडळी, आज एकच विचारतो. चांगल्या मनानं दिलेलं कधी कुणाला बाधतं का हो? — थांबा, माना हलवू नका! आधी ऐका!

भंडाऱ्याला एक रक्तपेढी. तिथलं कॉम्प्युटर, वायफाय, सगळं रेवती गायधने नावाच्या पोरीकडं. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात वायफाय? अहो, मांडीआड फोन कोण चाळतंय, मला दिसत नाही होय!

तर फोन वायफायवर आला की आधी हात पसरतो — "माझा पत्ता काय?" आकड्यांचा पत्ता बरं! तो मिळाल्याशिवाय एक अक्षर इकडचं तिकडं जात नाही. हे पत्ते आपोआप वाटायचं काम रेवतीनं वायफायच्या एका डब्याला, म्हणजे राउटरला, लावून दिलं. सगळं सुरळीत! पोरगी खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी — निम्म्यांचं चालू, निम्म्यांचं बंद! रेवतीनं सेटिंग बघितलं. बरोबर. पुन्हा बघितलं. बरोबरच! डबा बंद करून चालू केला — तर चालणारे बंद पडले, अन् बंद पडलेले चालू! आता काय म्हणावं?

तेवढ्यात डॉक्टर लांजेवार मॅडम धावत आल्या. "रेवती, बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही! बी निगेटिव्ह कुठल्या फ्रीजमध्ये आहे, टॅबवर दिसतच नाही! काय करून ठेवलंस?"

सिस्टरबाई एकेक फ्रीज उघडत सुटल्या. रेवती पुन्हा सेटिंग उघडून बसली. आपलंच चुकलं! — असं वाटलं तिला, आणि मंडळी, इथं ती खरंच चुकली! बरोबर लावलेले आकडे तिनं खोडले, भलतेच घातले. झालं! सगळेच बंद! तिला वाटलं, आपल्याला यातलं काही म्हणजे काही येत नाही.

हिशेब खात्यातले कुंभलकर काका जवळ आले. मायाळू माणूस. "घाबरू नको बेटा. माझ्या खोलीत ये, तिथं मस्त चालते."

"तुमच्याकडं? तिथं तर आपल्या वायफायची रेंजच नाही!"

"म्हणून तर घरचा सिमवाला वायफायचा डबा आणून लावला काल. तुझ्याच वायरीत खोचला. म्हटलं, सगळ्यांना होईल!"

रेवतीला उलगडा झाला. एक वायर, अन् पत्ते वाटणारे दोघं! फोन हात पसरणार, आणि जो आधी बोलेल त्याचा पत्ता घेणार! काकांचा डबा बाहेरच्या इंटरनेटला नेतो, पण रक्तपेढीच्या यादीची वाटच त्याला ठाऊक नाही!

तिनं काकांची वायर उपटली, आपले आकडे परत घातले. टॅब लागला. तोवर सिस्टरबाईंना शेवटच्या फ्रीजमध्ये पिशवी सापडली होती. बाळंतीण वाचली हो! थोडक्यात वाचली!

काका भिंतीला टेकून उभे. चेहरा उतरलेला.

"काका, विचारायचं तरी मला."

"तू हो म्हणशील, हे माहीत होतं ना... म्हणून नाही विचारलं."

रेवतीला रागही येईना, हसूही येईना.

मंडळी, खरं सांगतो, काकांना दोषी म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. पण त्या बाईचा जीव टांगणीला लागला, हेही खरंच ना? आता आपापल्या घरात बघा. मुलगी विचारते, "बाबा, शिकायला कुठं जाऊ?" बाप म्हणतो नागपूर. आई म्हणते, इथंच राहा. दोघांचाही जीव तिच्यावर! आणि ती भरलेली बॅग घेऊन दारात उभी! तुम्ही दोघं तिला सांगण्याआधी एकमेकांशी बोलला होता का?

का हो? सांगा बघू!