चिनी मुळीचा गुण

मंचरच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी यायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. तिच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

"केमोचे दोन डोस चुकले माझे, तुमच्या त्या चिनी मुळीपायी."

"निर्मला, हजारो वर्सं देत्यात ती चीनमधी. अंडाशयाच्या कॅन्सरवर संशोधन झालंय. मोबाइलवर दावलं व्हतं ना तुला?"

"काल मी पुण्याच्या डाक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हनल्या, ते काचेच्या बशीतल्या पेशींवर केलंय, बाईमाणसावर न्हाई. मी काय बशीत ऱ्हाते व्हय?"

"हळू बोल, लोक बघत्यात."

"बघू द्या. मळमळ थांबली, तर गावभर सांगितलंत, मुळीचा गुण आला. केमोच बंद, मग मळमळ कशाची व्हनार? आता पोट परत फुगलंय, आजार कळला तवासारखं."

"तुझे हाल बघवत नव्हते गं."

"मग तसं मला बोलायचं. डाक्टरीणबाईंना का सांगितलंत, की तिचीच यायची इच्छा न्हाई? मी कवा म्हनले?"

त्याने पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मला म्हनलात, तारीख पुढं गेली. अन् मी येडी, रोज दोन वेळा तो कडू काढा पीत बसले, बरी व्हनार म्हणून!"

"चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. लपवलं तुमी."

गाडी लागली. त्याने आधाराला हात पुढे केला. तिने दांडी धरली आणि एकटीच वर चढली.

"या तुमी बी. पण दवाखान्यात त्वांड उघडायचं न्हाई. माझं मी बोलंन."